आल्हण नाइकाचा अंगारा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली, त्यांच्या वेळीसुद्धा ती फार वर्षांपूर्वीचीच होती. तुम्ही आपलं मधूनमधून हूं म्हणा, म्हणजे झालं. हूं थांबला की गोष्ट रुसते, आणि रुसलेली गोष्ट मला काही समजावता येत नाही.

तर या डोंगरांच्या पोटात एक खोरं होतं, हिवरखोरं. त्याचा धनी आल्हण नाईक. राजानं हे खोरं त्याच्या वाडवडलांना दिलं होतं, एका वचनावर. नाइकानं घाट राखायचा, वाटसरू राखायचे. आणि राजानं नाइकाला राखायचं. कागद नाही, शिक्का नाही. बोलला शब्द, तोच करार.

आता हा आल्हण नाईक कसा होता? ताठ! मानेत जणू खुंटी मारून पाठवला होता देवानं. असं म्हणतात, की हिवराई देवीच्या देवळाचं दार ठेंगणं होतं. आत जायचं तर वाकावं लागायचं. नाइकानं काय करावं? दारापुढची जमीन हातभर खणून घेतली, पण मान वाकवली नाही. हसताय? तेव्हाचे लोकही हसायचे, पण तोंडावर पदर घेऊन. कारण माणूस फटकळ असला, तरी दुष्काळात त्याच्या कोठाराला कुलूप कधी कोणी पाहिलं नव्हतं. लोक त्याच्यावर जीव टाकायचे.

घाटाच्या पलीकडे तेव्हा एक किल्ला बांधायचं काम चाललं होतं. बांधणारा वंकदेव. हा राजाचा मेहुणा, राणीचा सख्खा भाऊ. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, म्हणतात ना, तशी गत. मेहुणेपण डोक्यात गेलेलं. किल्ल्याला दगड होता, चुना होता, पण दगड वाहायला माणसं टिकत नव्हती. दोन वेळचं पोटभर घालायची दानत नाही, मग माणूस टिकेल कशाला? तेव्हा या बहाद्दरानं दुसरीच युक्ती काढली.

सुगीचे दिवस होते. हिवरखोऱ्यात खळी लागली होती. नाईक आपले गडी घेऊन घाटमाथ्यावरच्या जत्रेत, यात्रेकरूंच्या राखणीला गेला होता. ती वेळ साधून वंकदेवाची माणसं दरोडेखोरांच्या वेषात, तोंडं बांधून गावात शिरली. भर उन्हात. खळी पेटवली, घरं पेटवली, गुरं वळवली. आणि जेवढी धडधाकट माणसं, बाप्ये आणि बाया, हाताला लागली, तेवढी दोरखंडानं बांधून घेऊन गेली. जे आडवे आले, ते जागच्या जागी पडले. मागे उरली म्हातारी माणसं आणि अंगावरची पोरं.

नाईक परत आला तेव्हा गाव नव्हतं, नुसता धूर होता. त्या धुरात कुंभाराची म्हाळाई आपल्या पडक्या घरात, विझल्या चुलीपाशी बसली होती. ही म्हाळाई गावची सुईण. नाइकाची नाळ हिनंच कापलेली, म्हणून अख्ख्या खोऱ्यात नाइकाला अरेतुरे करणारी ती एकटीच. तिचा एकुलता एक लेक सायदेव आणि सून, दोघांनाही दोराला बांधून नेलं होतं.

"कोण होते गं?" नाइकानं विचारलं.

"दरोडेखोर म्हणवत होते," म्हाळाई म्हणाली. "पण पायाच्या भेगांत चुना होता मेल्यांच्या. या मुलखात चुन्याची भट्टी कुठं पेटलीय, ते तू मला सांग."

नाइकाच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं तलवार उपसली, निघाला किल्ल्यावर. म्हाळाई जागची हलली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "जा. दगडावर डोकं आपट. फुटलं तर तुझंच फुटंल, आणि आपली माणसं तिथंच दगड वाहून मरतील. अरे, राजानं शब्द दिलाय ना तुझ्या पणज्याला? मग जा राजाकडं. न्याय माग."

"मागू? मी?" नाईक म्हणाला. आजवर त्यानं कोणापुढे हात पसरला नव्हता.

"तू नाही तर कोण, मी? आणि हे बघ. गुरं मागू नको, दाणे मागू नको. घरं आपण बांधू. माणसं माग, नाइका. माणसं घेऊन ये."

नाइकानं तलवार म्यान केली. पण निघताना पाय अडला. जुनी रीत आहे, देवाकडे आणि राजाकडे रिकाम्या हाती जाऊ नये. तुम्हीही जात नाही, निदान एक नारळ तरी नेता. आणि इथं गावात नारळ तर सोडाच, मूठभर जोंधळा उरला नव्हता. म्हाळाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग आपल्याच चुलीतली राख ओंजळीनं उपसली, लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि त्यात ती बांधून नाइकाच्या हातावर ठेवली.

"हे ने," ती म्हणाली. "औंदा आपल्याकडं हेच पिकलंय."

घोडी लुटीत गेली होती. नाईक पायीच निघाला. डोंगर संपले, काळी रानं लागली, तरी चालतोच आहे. वाटेत मोठी नदी लागली. काठावर बसला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. हिवरखोऱ्याचा नाईक, आणि राजापुढे काय ठेवणार, तर चिंधीतली राख! दरबार खदाखदा हसेल. टाकून द्यावी नदीत आणि रिकामे हात बरे, असं वाटून त्यानं गाठ सोडली, राखेत हात घातला, आणि झटक्यानं मागे घेतला.

राख ऊन होती. इतके दिवस चालून झाले होते, वाटेत एकदा अवकाळी पाऊसही लागला होता, पण म्हाळाईच्या चुलीतली राख आत्ताच विस्तव ओढून घेतल्यासारखी ऊन होती. असं म्हणतात, की नाइकाला तेव्हा भीती वाटली. लढाईत कधी वाटली नव्हती, ती त्या नदीकाठी वाटली. त्यानं गाठ पुन्हा बांधली आणि गाठोडं छातीशी धरून तो नावेत चढला.

राजधानीचं शहर केवढं म्हणून सांगू! पण वेशीच्या आत शिरला आणि राजवाड्याच्या दाराशी सगळं अडलं. द्वारपालानं विचारलं, "नजराणा काय आणलाय?"

"राख."

"राख? कुठल्या मठातून पळालास रे गोसाव्या?" आणि सगळे पहारेकरी पोट धरून हसले. एरवी नाइकानं एकेकाचे दात घशात घातले असते. पण त्याला दोराला बांधलेली माणसं आठवली, आणि त्यानं त्यांचं हसणं गिळलं. दुसऱ्या दिवशी गेला, तेच. तिसऱ्या दिवशी तर दारातच ओळखून हाकललं. राणीच्या कानावर गेलं होतं, की भावाच्या घाटाकडून कोणी गाऱ्हाणं घेऊन आलाय. राणीनं वरूनच दार लावलं होतं. भाऊच तो शेवटी.

पण राजा होता भाविक. सोमवारी महादेवाला जाण्याचा त्याचा नेम कधी चुकला नव्हता, आणि महादेवाच्या दारात द्वारपाल नसतो. नाईक पहाटेच जाऊन देवळाच्या दाराशी उभा राहिला. मनात सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. पणज्याला दिलेला शब्द, घाटाची राखण, वंकदेव, चुना, सगळं.

राजा पूजा आटपून बाहेर आला. ओले केस, अंगावर सोवळं, ओठांवर अजून मंत्र. त्याला पाहिलं, आणि नाइकाचं जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यानं गाठोडं सोडलं, दोन्ही हातांवर धरलं आणि मान खाली घातली. ज्या माणसानं देवीसाठी मान वाकवली नव्हती, तो वाकला. आपल्या माणसांसाठी वाकला.

आणि इथंच ती गोष्ट घडली.

राजानं काय पाहिलं? देवळाचं दार. धुळीनं माखलेला, वाकलेला एक माणूस. त्याच्या हातात फडक्यावर राख. आता देवळाच्या दारात असं कोणी समोर धरलं, तर तुम्हीआम्ही काय समजू? राजाही तेच समजला. कुठल्या तरी दूरच्या देवाचा अंगारा घेऊन बिचारा चालत आला आहे! राजानं हात जोडले, डोळे मिटले, चिमूटभर राख उचलली आणि आपल्या कपाळाला लावली.

मग मायेनं विचारलं, "कोणत्या देवाचा अंगारा, बाबा?"

नाइकानं हातावरच्या राखेकडे पाहिलं. शेजारी देवळाचा पुजारी होता. हिवरखोऱ्याचं काय झालं, आणि तिथला नाईक राख घेऊन आलाय, ते शहरात कुजबुजत आलंच होतं, त्यामुळे ही कसली राख ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हळूच सुचवलं, "अरे, घे तुझ्या देवीचं नाव! हिवराईचा म्हण, निभावशील." आणि खरंच निभावलं असतं. राजा खूश झाला असता, मांडीशी बसवून गाऱ्हाणं ऐकलं असतं. खरं बोलावं, तर जळक्या गावाची, विझल्या चुलीची राख राजाच्या कपाळी लावली, एवढा मोठा अपशकुन! धडावर डोकं राहायचं नाही. आणि डोकं गेलं, तर माणसं कोण सोडवणार? पण हातावरची राख ऊन होती. ती त्याला खोटं बोलू देईना.

"महाराज," तो म्हणाला, "हा देवाचा नव्हे. हा माझ्या गावाचा."

आणि मग त्याला थांबता येईना. खळी, घरं, दोरखंड, चुना, वंकदेवाचं नाव, सगळं त्या दारात उभ्याउभ्या सांगून टाकलं. राजासोबतचे सरदार ओरडले, "पुसा महाराज, पुसा ते आधी! धरा याला!" राजानंही हात कपाळाकडे नेला. पण हात तिथंच थांबला. कारण अंगारा आपल्या हातानं पुसत नाहीत, हे राजालाही त्याच्या आईनं लहानपणी शिकवलं होतं, जसं तुम्हाला शिकवलंय.

"मी हात जोडून लावला," राजा हळू म्हणाला. "आता तो कोणाचा होता ते कळलं, म्हणून पुसू कसा?"

नाइकाला राजवाड्यात नेलं. राणीला कळलं तशी ती धावत आली. राजानं पुसायचा नाही ना, मग मी पुसते म्हणाली. दुधानं धुतलं, सात नद्यांच्या पाण्यानं धुतलं, उटणं लावून चोळलं. राख निघेना. धुवावी तशी गडद होत गेली. असं म्हणतात, की राजानं भाकरीचा तुकडा मोडला तर त्याला धुराचा वास यायचा. काशाच्या आरशात पाहिलं, तर स्वतःचा चेहरा दिसेना, जळणारी छपरं दिसायची. राजानं नाइकाला बोलावून सांगितलं, "सोनं घे, नवं गाव वसवून देतो, दुप्पट गुरं देतो." नाईक एकच म्हणे, "माझी माणसं." राजा आरशात पाही, राख तशीच. शेवटी त्यानं मेहुण्याला बोलावणं धाडलं.

वंकदेव आला तो शाल-शेले मिरवत. भर दरबारात, राजाला महाराजसुद्धा म्हणाला नाही. "दाजी, डोंगरात दरोडेखोर का कमी आहेत? हा खुळा माझं नाव घेतो आणि तुम्ही ऐकता!"

"तसंही असेल," राजा म्हणाला. "मग हाच अंगारा कपाळी लाव आणि हेच वाक्य पुन्हा बोल. मी मानीन."

वंकदेव मोठ्यानं हसला. "एवढंच? राखेला कोण भितो!"

नाइकानं फडकं पुढे केलं. वंकदेवानं दोन बोटांनी चिमूट उचलली. आणि बाबांनो, काय सांगू! असं म्हणतात, की इतके दिवस राखाडी असलेली ती राख त्याच्या बोटांत लाल झाली. रसरशीत निखारा! वंकदेवानं किंकाळी फोडली, हात झटकला, पण निखारा चिकटला तो सुटेना. "मी लावली! आग मीच लावली! माणसं किल्ल्यावर आहेत!" असं तो ओरडला, तेव्हा कुठे बोटं सुटली. आणि खाली पडलेल्या निखाऱ्याची पुन्हा राख झाली. आमच्याकडे म्हण आहे ना, हात जोडले त्याला अंगारा, आग लावली त्याला अंगार, ती त्या दिवसाची.

राणी मटकन खाली बसली. बोलला तो नाईकच, आणि त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. "महाराज, याचं काय करायचं ते मागाहून करा. माझी माणसं दगडाखाली आहेत."

राजा सिंहासनावरून उठला आणि तसाच निघाला. पायात जोडे घालायला थांबला नाही. पुढे नाईक, मागे अनवाणी राजा, त्याच्यामागे सगळी फौज. किल्ल्यावर पोचल्यावर एकेकाच्या हातापायांचे दोर त्यानं स्वतः सोडले. वंकदेवाला त्यानं मारलं नाही. "हा किल्ला उतरव," म्हणाला, "आणि याचा एकेक दगड पाठीवर घेऊन हिवरखोऱ्यात नेऊन टाक. त्यांची घरं बांधायची आहेत." हिवरखोऱ्यात जुन्या घरांच्या जोत्यांना आजही गडाचे घडीव दगड आहेत. जाऊन बघा, सांध्यांत चुना दिसेल.

माणसं घरी निघाली. खोऱ्याच्या तोंडाशी म्हाळाई उभी होती. एकेक येत होता आणि ती एकेकाचं तोंड पाहत होती. हा आला, तो आला, ही आली. तिची सून आली, आणि सासूला पाहून तिनं हंबरडा फोडला. तेव्हाच म्हाळाईला कळलं. सायदेव आला नाही. चढावर दगड निसटला होता, त्याच्याखाली तो गेला होता. नाईक तिच्यापुढे येऊन उभा राहिला. माणसं घेऊन ये, म्हणाली होती ती. सगळ्यांची आणली, आणि तिचाच लेक राहिला.

मग राजा पुढे आला. ज्यानं एवढ्या मुलखावर राज्य केलं, त्यानं एका कुंभारणीपुढे मान खाली घातली. "आई," तो म्हणाला, "ही तुझ्या चुलीची राख आहे. दुधानं गेली नाही, गंगेनं गेली नाही. तूच पूस."

म्हाळाईनं तो फाटका पदर हातात घेतला. हात राजाच्या कपाळापर्यंत नेला. खूप वेळ ती त्या राखेकडे पाहत राहिली. आणि मग हात खाली घेतला.

"राहू दे, लेकरा," ती म्हणाली. "पुसली की विसरशील."

तिच्या आवाजात राग नव्हता, असं म्हणतात. लेकाला समजावावं तसं ती बोलली. राजा वाकून तिच्या पाया पडला. ती राख जन्मभर त्याच्या कपाळावर राहिली. रोज सकाळी आरशात पाही, रोज दिसे. आणि तो होता तोवर त्याच्या राज्यात एकही गाव जळलं नाही.

आणि आल्हण नाईक? त्यानं आपल्या हातांनी माती कालवून म्हाळाईची चूल पुन्हा घातली. रोज सकाळी तिच्या चुलीला फुंकर घालायला जायचा. फुंकर वाकल्याशिवाय घालता येते का? नाही ना! खोऱ्याचा धनी रोज वाकला, ती होती तोवर वाकला. हिवराईच्या दारापुढचा खड्डाही त्यानं बुजवून टाकला. पुढे पिकलं पान गळावं तसा गेला. तिसऱ्या दिवशी लोक राख सावडायला गेले, तर तिथं राखच नाही! असं म्हणतात, की हिवराच्या झाडाखाली नुसते तीन दगड होते, चुलीसारखे मांडलेले, आणि हात लावला तर ऊन.

ते तीन दगड अजून आहेत. त्याला नाइकाची चूल म्हणतात. मूर्ती नाही, कळस नाही. आता हिवरखोऱ्यात घरोघरी गॅस आलाय, तरी परसात एकेक चूल लोकांनी राखली आहे, का, तर या राखेसाठी. धुळवडीला घरटी चिमूट राख त्या तीन दगडांत आणून टाकतात. आणि खोऱ्यात नवा सरपंच होवो, नवा फौजदार येवो, की मोठा साहेब बदलून येवो, खुर्चीत बसण्याआधी त्याला तिथं नेतात. झाडाची फांदी खाली आलेली आहे, वाकल्याशिवाय जाता येत नाही, आणि ती फांदी कोणी तोडत नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याच्या कपाळी राख लावते आणि विचारते, "कोणाचा अंगारा?" त्यानं म्हणायचं, "गावाचा."

मागे एक तरुण साहेब आला होता, शिकलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला. वाकला, राख लावून घेतली, गावाचा असंही म्हणाला. आणि मग सवयीनं त्यानं खिशातून रुमाल काढला. अख्खं गाव उभं होतं. म्हातारीनं फक्त त्याचा हात धरला.

"राहू दे, लेकरा," ती म्हणाली.